फड्याची रात्रपाळी

सान जोव्हान्नी या संताच्या सणाच्या सकाळी, नुकतं फटफटत असताना, पीनाच्या शेताच्या फाटकाशी चौदा माणसं हातमोजे चढवून उभी होती, आणि पीना फाटकाला पाठ लावून त्यांना आत सोडत नव्हती.

असं सिसिलीतल्या काल्तास्पिना गावात कधी झालं नव्हतं. दर वर्षी चोवीस जूनला झाडणी सुरू व्हायची आणि ती कुणाच्या शेतापासून सुरू करायची ते झू कोनो ठरवायचे. झू म्हणजे काका. पण झू कोनो अख्ख्या गावाचे काका होते, स्वतःच्या वयाच्या माणसांचेसुद्धा. वय ऐंशीच्या पुढे, कवळी नवी, आवाज मात्र जुनाच, दोन शेतं पलीकडे ऐकू जाणारा. यंदा पहिल्या झाडणीचा मान त्यांनी पीनाच्या शेताला दिला होता. तिचे वडील फेब्रुवारीत गेले होते आणि गावाला त्यांची आठवण राखायची होती. आणि ही बया फाटक अडवून उभी!

झाडणीबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, कारण बाहेरच्या माणसाला तो शुद्ध वेडेपणा वाटतो. फड्या निवडुंगाला उन्हाळ्याच्या तोंडाशी जो पहिला बहार येतो तो सगळाच्या सगळा, फुलं आणि हिरवी बोंडं, हाताने मोडून जमिनीवर पाडायचा. एकही ठेवायचं नाही. मग झाड हट्टाला पेटतं आणि दुसऱ्यांदा फुलतं. त्या दुसऱ्या बहाराची बोंडं नोव्हेंबरात येतात, मुठीत न मावणारी, गोड, रसाळ. ऑगस्टातली बोंडं काय, सगळी सिसिली पिकवते. नोव्हेंबरातल्या बोंडांत मात्र आपला हात कुणी धरू शकत नाही, असं काल्तास्पिनाचं मत आहे. फक्त एकदा पाडलेलं फूल परत चिकटवता येत नाही. झाडाने दुसऱ्यांदा मनावर घेतलं नाही तर वर्ष गेलं.

“आज नाही,” पीना म्हणाली.

“आज नाही म्हणजे?” झू कोनो म्हणाले. “आज सान जोव्हान्नी आहे. तो काय उद्या पुन्हा येणार आहे?”

“झाडं तयार नाहीत.”

“झाडांनी तुला तसं कळवलंय?”

“हो.”

टोळीत कुणीतरी खुसखुसलं. पीनाने एप्रनच्या खिशातून सुरी काढली, फाटकाशेजारच्या झाडाचा एक कोवळा, पानासारखा चपटा फडा कापला, त्याचे काटे आणि कुसळं तासली, हिरवी साल काढली आणि आतला गर सगळ्यांदेखत तोंडात टाकून चावला. मग बाजूला थुंकली.

“फिका! नुसती काकडी. या वेळी फडा आंबट लागायला हवा. आज वीस दिवस रोज चाखतेय मी.”

“आमच्याकडे फडे बकऱ्या खातात,” मागून आवाज आला. तो तानोचा, पियाझ्झातला, म्हणजे गावच्या चौकातला, बार चालवणाऱ्याचा.

“मग घरी जाऊन तुझ्या बकरीला विचार, ती तुझ्याहून शहाणी असेल,” मिम्माने त्याला परस्पर गप्प केलं. मिम्मा पीनाची मावसबहीण. आली होती टोळीबरोबरच, पण रक्त ते रक्त.

झू कोनोंनी हात वर करून दोघांना थांबवलं. “पोरी, तुझ्या वडलांनी पन्नास वर्षं याच दिवशी झाडणी केली.”

“मागच्या वर्षीही केली. तुम्हीपण केलीत. काय आलं दुसऱ्या बहाराला?”

मागच्या वर्षी अख्ख्या गावाचा दुसरा बहार बुडाला होता. कुणी म्हणालं, आफ्रिकेकडून येणाऱ्या शिरोक्को वाऱ्याने घात केला. कुणी म्हणालं, दृष्ट लागली. पीनाचे वडील काहीच म्हणाले नव्हते. ते रिकाम्या झाडांमधून हिवाळाभर फिरले आणि फेब्रुवारीत गेले.

“तो वारा होता,” झू कोनो शेवटी म्हणाले.

“वारा दिवसा होता. झाडाचा घोटाळा रात्री झाला. मागच्या वर्षी रात्री तापलेल्या होत्या, यंदाही तापल्यात. काल रात्री पारा तिसाखाली उतरला नाही. अशात फुलं पाडली तर झाड पुन्हा फुलणार कशाच्या जिवावर?”

“हे बघ. टोळी आज तुझ्या दाराशी आली आहे. आज परत पाठवलीस तर परत येणार नाही. सहाशे झाडं आहेत. एकटी झाडशील?”

“झाडीन.”

म्हाताऱ्याने एकेक बोट ओढत हातमोजे काढले आणि तो वळला. टोळी त्याच्या मागोमाग शेजारच्या शेतात शिरली. जाता जाता मिम्मा पीनाच्या कानाशी पुटपुटली, “डोकं ठिकाणावर आहे ना गं?” पीनाने मान हलवली, पण ती हो म्हणून की नाही म्हणून, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

दुपारच्या आत कोंचेत्तोचा फोन आला. कोंचेत्तो तिचा थोरला भाऊ, कातानिया शहरात विमा विकायचा, आणि शेतात अर्धा वाटा त्याचा.

“टोळी परत पाठवलीस म्हणे?”

“पोचली पण बातमी?”

“आधी मावशीचा फोन. मग न्हाव्याचा. मग पाद्रीबाबांचा. न्हावी म्हणाला, पीना पहाटे उठून निवडुंग खाते. काय चाललंय काय तुझं?”

“शेती चाललीय.”

“आपलं काय ठरलंय ते लक्षात आहे ना?”

ते विसरण्यासारखं नव्हतंच. बाबा गेल्यावर महिन्याभराने स्वयंपाकघरात दोघं समोरासमोर बसली होती. एका सोलर कंपनीला पॅनेल उभी करायला टेकडीवरची जमीन हवी होती, तीस वर्षांच्या कराराने. कोंचेत्तोला ते पटलं होतं. तो वाईट नव्हता, थकला होता. मरणाऱ्या शेताची चिंता त्याला आयुष्यभर वाहायची नव्हती. पीना म्हणाली होती, मला एक हंगाम दे. आणि त्याने दिला होता. दुसरा बहार आला तर शेत पीनाचं, ती करेल ते खरं. नाही आला तर नोव्हेंबरअखेर सही, आणि कुरकुर नाही.

“लक्षात आहे,” पीना म्हणाली.

“अगं, मग सगळ्या गावाला कळतं ते तुला कळत नाही का?”

“गावाला तारीख कळते. मला फडा कळतो.”

हे बोलताना तिचा आवाज चांगला ठाम होता. फोन ठेवल्यावर मात्र तिने कपाळाला हात लावला.

फडा तिला कळत होता हे खोटं नव्हतं. बारा वर्षं ती कातानियाच्या विद्यापीठात प्रयोगशाळा सहायक होती. सकाळ-संध्याकाळ निवडुंगाचे तुकडे वाटायचे, रस गाळायचा, त्यातलं आम्ल मोजायचं, आकडे वहीत लिहायचे. आकडे तिचे, छापून येताना नावं दुसऱ्यांची. पण नावं गेली तरी समज काही कुणी काढून घेत नाही, आणि तिला समजलं होतं ते असं.

फड्या निवडुंग दिवसा हवा आत घेत नाही. एवढ्या उन्हात अंगावरची छिद्रं उघडली तर सगळं पाणी उडून जाईल. म्हणून ते दिवसभर गपचूप बसतं आणि रात्रीच्या गारव्यात छिद्रं उघडतं. आत येणारा कार्बन डायऑक्साइड धरायला तिथे एक विकर टपलेला असतो; प्रयोगशाळेत त्याला सगळे एन्झाइम म्हणायचे. तो त्या वायूचं आम्ल बनवण्याच्या कामाला लागतो, सफरचंदात असतं तेच आम्ल, आणि पहाटेपर्यंत पेशी न् पेशी त्याने भरून जाते. ही झाली रात्रपाळी. ऊन चढलं की दिवसपाळीचे विकर ते आम्ल मोडतात, वायू मोकळा करतात आणि प्रकाशाच्या जोरावर त्याची साखर करतात. प्रकाशसंश्लेषण म्हणून शाळेत शिकवतात ते हेच, फक्त या झाडाने ते दोन पाळ्यांत वाटून घेतलंय. म्हणून फडा पहाटे आंबट आणि संध्याकाळी फिका लागतो.

आता गोम अशी, की रात्रपाळीवाला मोठा नाजूक. रात्र पंधरा-वीस अंशांची असली तर झपाट्याने हात चालवतो. तिसाच्या आसपास गेली की ढेपाळतो. छिद्रं मिटलेलीच राहतात, आम्ल साठत नाही, उलट झाड स्वतःची साठवलेली साखरच जाळत बसतं. रात्री माल भरलाच नाही तर दिवसा वर सूर्य कितीही तळपला तरी काय उपयोग? आणि अशा वेळी तुम्ही त्याची फुलं मोडून म्हणायचं, चल, आता पुन्हा पहिल्यापासून कर. मागच्या वर्षी नेमकं हेच झालं होतं, पीनाची खात्री होती. बाबांना हे आधी सांगता आलं असतं, पण मागच्या जूनमध्ये ती कातानियात दुसऱ्यांसाठी आकडे लिहीत बसली होती. ही बोच तिला रोज पहाटे शेतात घेऊन यायची.

तर तिने वाट पाहायची ठरवली. बोलायला सोपं. पंचवीस जून, फिका. सव्वीस, फिका. सत्तावीसला किंचित चव वाटली, पण तो मनाचा खेळ निघाला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिने जुनी ब्युरेट, थेंब मोजून सोडायची काचेची नळी, उभी केली होती. रसात अल्कलीचे थेंब एकेक करून सोडत जायचे आणि रस गुलाबी झाला की मोजायचं किती थेंब लागले. जितकं आम्ल जास्त तितके थेंब जास्त. रोज सहा. कधी सात. बारा वर्षं हे आकडे तिने जांभया देत लिहिले होते. आता सहा लिहिताना पेन जड व्हायचं.

गावाची झाडणी तोवर उरकत आली होती. टेकडीवरची सगळी झाडं हिरवीगार, बोडकी. मध्ये एकट्या पीनाचं शेत पिवळ्या-केशरी फुलांनी मिरवत होतं, आणि त्याच्याकडे पाहून लोक मान हलवत होते. रविवारी ती बारमध्ये ग्रानिता, किसलेल्या बर्फाचं सरबत, खायला गेली. तानोने तिच्या बशीत एक लिंबाची फोड ठेवली.

“हे बघ चाखून, पीना. आंबट आहे. झाडणी करायची का?”

बारभर हशा पिकला. पीनाने ती फोड उचलली, सालीसकट चावून खाल्ली, बिया बशीत टाकल्या आणि म्हणाली, “तुझ्या कॉफीपेक्षा बरी आहे.” हसणारे दुप्पट हसले, पण या वेळी तानोला. घरी येईपर्यंत तिची मान ताठ होती. घरी आल्यावर ती रडली.

खरं भय लोकांचं नव्हतंच. फुलं मिटत होती, खालची बोंडं फुगायला लागली होती. पहिल्या बोंडांनी एकदा जम बसवला की झाड दुसऱ्या बहाराचं नावच काढत नाही. यंदा फुलोरा उशिरा आला होता म्हणून थोडी सवड होती, पण ती थोडीच. घाई केली तर झाड उपाशी, उशीर केला तर झाड तृप्त. दोन्हीकडून बहार गेलाच. मधली वाट दिवसागणिक अरुंद होत होती.

दोन जुलैच्या संध्याकाळी वारा फिरला. आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग गल्लीतल्या बायका दारातल्या खुर्च्यांवर बसल्या बसल्या खांद्यावर शाली ओढू लागल्या, आणि उत्तरेकडून डोंगराचा गार वास आला. पीना लवकर झोपली आणि पहाटे, अंगावर स्वेटर घालून, शेतात गेली. पारा अठरावर होता. तिने फडा कापला, सोलला, तोंडात टाकला.

तिचे दात आंबले. डोळे आपोआप मिटले, गाल आत ओढले गेले, जिभेच्या दोन्ही कडांना पाणी सुटलं. ती त्या सहाशे झाडांच्या मध्ये एकटी उभी राहून मोठ्याने हसली. दुसऱ्या झाडाचा फडा कापला, तिसऱ्याचा कापला. सगळे आंबट, कैरीसारखे आंबट. रात्रपाळी कामावर आली होती!

घरी ब्युरेटने सांगितलं, एकतीस थेंब. तरी तिने जिवाला लगाम घातला. एका रात्रीच्या कमाईवर झाडाला उधळायला लावायचं नाही. चार जुलैला चव्वेचाळीस. पाच जुलैला सत्तेचाळीस. सहाच्या पहाटे तिने हातमोजे चढवले आणि मिम्माला फोन केला.

“आज.”

“मला वाटलंच. आलेच,” मिम्मा म्हणाली.

दोघींनी दिवसभर झाडलं. एकेक फूल धरायचं, पिळायचं, मोडायचं, टाकायचं, पुढचा फडा. कुसळं हातमोज्यांतून, बाह्यांतून, गळ्यातून आत शिरत होती. सूर्य मावळला तेव्हा मिम्माने मोजलं: सत्तावन्न झाडं.

“या हिशोबाने अजून दहा दिवस,” ती म्हणाली.

दहा दिवस झाडांकडे नव्हते, हे दोघींनाही माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती शेतावर पोचली तेव्हा फाटकाशी झू कोनो उभे होते. एकटेच. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी.

“माझ्या झाडांना कळ्या नाहीत,” त्यांनी नमस्कार-चमत्कार न करता सुरुवात केली. “झाडून तेरा दिवस झाले. एव्हाना फड्यांच्या कडेला टिंबं दिसायला लागतात. मला चष्मा लावूनही काही दिसत नाही.” त्यांनी वर्तमानपत्र उलगडलं. आत एक फडा होता. “हा माझ्या शेतातला. तू काय ते चाखतेस ना, तसं मलाही चाखायचंय. पण गावात कुणाला सांगितलंस तर याद राख.”

पीनाने त्यांचा फडा सोलून दिला. झू कोनोंनी नव्या कवळीने तो सावधपणे चावला आणि त्यांच्या चेहऱ्यावरच्या सगळ्या सुरकुत्या एकदम नाकाभोवती गोळा झाल्या.

“आंबट!” ते ओरडले. पलीकडच्या शेतातली कुत्री भुंकायला लागली. “माझाही आंबट आहे! मग कळ्या कुठायत?”

“आज आंबट आहे, झू कोनो. तुम्ही फुलं पाडलीत तेव्हा फिका होता. तेव्हा झाडाच्या घरात शिल्लक काहीच नव्हती.” आणि मग तिने त्यांना दोन पाळ्यांचं सगळं सांगितलं. विकर हा शब्द वापरला नाही, छिद्रांचं थोडक्यात आटपलं. रात्रपाळीवर मात्र म्हाताऱ्याने तिला थांबवलं.

“रात्रपाळीचं तू मला सांगू नकोस. तोरिनोला मोटारींच्या कारखान्यात अकरा वर्षं रात्रपाळी केलीय मी. भट्टीच्या शेजारी. जुलैत तिथे एवढं तापायचं की आम्ही अवजारं खाली ठेवून बसायचो. मुकादम बोंबलायचा, सकाळची पाळी येऊन बोंबलायची, सुटे भाग नाहीत म्हणून. आम्ही म्हणायचो, आधी आम्हाला हवा द्या.” त्यांनी स्वतःच्या शेताकडे पाहिलं, बोडक्या झाडांच्या रांगांकडे. “म्हणजे ही झाडं पण संपावर होती.”

“अगदी तसंच.”

“आणि मी मुकादम.”

“तुम्हाला माहीत नव्हतं.”

“मुकादमाला कधीच माहीत नसतं,” झू कोनो म्हणाले. त्यांनी तोंडातला चोथा थुंकला, बाही तोंडावरून फिरवली. पीनाला वाटलं, आता म्हातारा रडणार. पण झू कोनो शेताच्या कडेच्या दगडी बांधावर चढले, गावाकडे तोंड केलं आणि पन्नास वर्षांत सान जोव्हान्नीलाही लावला नसेल असा आवाज लावला. आधी तानोचं नाव, मग त्याच्या भावाचं, मग एकेकाचं, आळीपाळीने, शिव्यांसकट. खाली खिडक्या उघडल्या. सातच्या आत चौदाच्या चौदा जण फाटकाशी होते, काही जण अजून शर्टाची बटणं लावत.

“मी म्हणालो होतो टोळी परत येणार नाही,” झू कोनो त्यांना म्हणाले. “मी चुकीचं बोललो. कुणाला काही विचारायचंय?”

कुणाला काही विचारायचं नव्हतं. तानो मान खाली घालून आत शिरत होता, तेवढ्यात पीनाने त्याला अडवलं आणि सोललेल्या फड्याचा चांगला मोठा तुकडा त्याच्यापुढे धरला.

“चाख.”

तानोने चाखलं. त्याचं तोंड असं काही झालं की मिम्मा बांधावर बसून पोट धरून हसली.

पंधरा माणसांनी दीड दिवसात शेत झाडलं. जमिनीवर फुलांचा घोटाभर थर पडला. मग पाणी सोडलं, एकदा आणि आठवड्याने पुन्हा. रात्री गारच राहिल्या. आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि पीनाला सगळ्यात जड गेलं ते हेच. ती रोज रांगांमधून फिरायची, फड्याच्या कडेवरून बोट फिरवायची. दहावा दिवस, काही नाही. पंधरावा, काही नाही. अठराव्या दिवशी तिने कोंचेत्तोशी बोलताना उगाच वाद उकरून काढला आणि फोन आपटला.

एकोणिसाव्या दिवशी मिम्मा वरच्या रांगेतून ओरडत आली. तिने पीनाचा हात धरून ओढतच नेलं. फड्याच्या कडेला लालसर, मसुराएवढी टिंबं होती. एक नाही, दोन नाही, अकरा. शेजारच्या फड्यावर नऊ. त्याच्या शेजारच्यावर दहा. दोघी जणी झाडामागून झाड बघत धावत सुटल्या, सगळ्या सहाशे झाडांना भेटल्या, आणि शेवटच्या झाडाशी पोचल्यावर पीना जमिनीवर बसली आणि ढसाढसा रडली. बाबांनी हे बघायला हवं होतं, एवढंच ती म्हणत होती. मिम्मा तिच्या केसांतली कुसळं वेचत बसली.

ऑगस्टच्या मध्यावर शेत फुललं. बाकीच्या टेकडीवर फुलं होती, नाही असं नाही. गार रात्रींनी त्या झाडांनाही थोडी उभारी दिली होती, पाच फड्यांमागे एखाद्याला. पण पीनाचं शेत गावातून, हमरस्त्यावरून, पलीकडच्या डोंगरावरून दिसत होतं. रविवारी मिस्सा आटोपल्यावर लोक चर्चच्या कपड्यांत ते बघायला चढून आले. कुणी पीनाची पाठ थोपटली, कुणी नुसतंच टोपी काढून उभं राहिलं. पीनाने त्या एका संध्याकाळी पोटभर मिरवून घेतलं, काहीही लाज न वाटता. दुसऱ्या दिवसापासून ती एकेकाला पहाटे फडा कसा कापायचा आणि कुठे चावायचा ते शिकवू लागली. झू कोनो रोज येत आणि जणू ही युक्ती आपलीच असल्यासारखे नवख्यांना रागे भरत.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तोडणी निघाली. बोंडं वजनाने फड्यांना वाकवत होती, पिवळी, केशरी, रक्तासारखी लाल. कोंचेत्तो आला तेव्हा पीना तोडत होती. त्याने फोनवर सगळं ऐकलं होतं, पण ऐकणं वेगळं आणि बघणं वेगळं. शहरी कोट घालून तो फाटकातच उभा राहिला.

“उभा काय राहिलास? हातमोजे घाल!” झू कोनो वरून गरजले.

त्याने हातमोजे घातले, आणि ते उलटे घातले, त्यामुळे पहिल्या तासाभरातच त्याचे तळवे कुसळांनी भरले. तरी तो तोडत राहिला. दुपारी सगळे बांधावर जेवायला बसले, पाव, ऑलिव्ह, मेंढीच्या दुधाचं चीज आणि मध्ये पाटीभर बोंडं. मिम्मा सोलत होती आणि कोंचेत्तो एकामागून एक खात होता, रस हनुवटीवरून कोटावर टपकत होता.

झू कोनो उठून उभे राहिले. “ऐका रे! पुढच्या वर्षापासून झाडणीचा दिवस मी सांगणार नाही. सान जोव्हान्नी थोर माणूस होता, पण त्याने फडा चाखला नव्हता. दिवस पीना सांगेल. ती म्हणाली जून तर जून, जुलै तर जुलै.”

टाळ्या, शिट्ट्या, तानोने बाटली उघडली. ज्या माणसाच्या शब्दावर पन्नास वर्षं टेकडी हलायची, तो आपली जागा तिला देऊन पुन्हा चीज खायला बसला होता. पीनाने फक्त मान खाली घातली, आणि तिच्या मनात आनंद मावेना.

तेवढ्यात कोंचेत्तोचा फोन वाजला. पडद्यावरचं नाव बघून त्याने पीनाकडे पाहिलं. सोलर कंपनी.

“हो, मीच,” कोंचेत्तो तोंडातला घास गिळत म्हणाला. “सहीचं ना? नाही. … नाही, तारीख पुढे ढकलायची नाही, सहीच नाही. … साहेब, भाव वाढवायचा प्रश्नच नाही. एक काम करा. तुमच्या अर्जावर या जमिनीसमोर मी स्वतःच्या हाताने ‘पडीक’ लिहिलं होतं. ते खोडा. … त्या जागी काय लिहायचं?”

त्याने समोर पाहिलं. लाल-केशरी रांगा टेकडी उतरत थेट रस्त्यापर्यंत गेल्या होत्या.

“लिहा, पीनाचं शेत,” तो म्हणाला. पलीकडच्याला नीट ऐकू गेलं नसावं, कारण मग कोंचेत्तो उभा राहिला आणि त्याने झू कोनोंच्या तोडीच्या आवाजात, अख्ख्या टेकडीला ऐकू जाईल असं, तेच पुन्हा ओरडून सांगितलं.